घरचा जुना कॉम्प्युटर: अ‍ॅडमिन कोण आणि वापरणारे कोण?

घरातल्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोणाला ठेवावे, मुलांना वेगळे अकाऊंट द्यावे का, पासवर्ड विसरला तर फाइली जातात का, दुरुस्तीला देताना पासवर्ड सांगावा का, हे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. येवल्यासारख्या गावात ते जास्तच महत्त्वाचे आहेत, कारण इथे घर आणि धंदा वेगळे नसतात. पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाकघर आणि मधल्या टेबलावर एकच कॉम्प्युटर. त्याच्यावर पदराच्या आणि काठाच्या नक्षीच्या फाइली असतात, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि जीएसटीची बिले असतात. शेती असेल तर सातबारा उतारे त्यावरच काढले जातात, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज त्यावरूनच भरले जातात आणि संध्याकाळी त्याच्यावरच गेम चालतो. हे यंत्र बहुधा विंडोज ७ किंवा विंडोज १० च्या काळातले असते. विकणाऱ्याने पहिल्या दिवशी एक अकाऊंट उघडून दिलेले असते, त्याला पासवर्ड नसतो आणि सगळे घर तेच वापरते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की ते एक अकाऊंट आज ना उद्या महागात पडते. रोजचे काम साध्या अकाऊंटमधून करावे, अ‍ॅडमिनचे अकाऊंट वेगळे ठेवावे आणि ते घरातल्या जबाबदार मोठ्या माणसाच्या हाती असावे. यंत्र जितके जुने, तितके हे करणे निकडीचे.

फरक नेमका काय पडतो?

घरगुती विंडोजमध्ये अकाऊंटचे मुख्य दोन प्रकार असतात: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नवे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी टाकू शकतो, अँटिव्हायरस बंद करू शकतो, दुसऱ्याचा पासवर्ड बदलू शकतो आणि घरातल्या कोणाच्याही फाइली उघडू शकतो. स्टँडर्ड अकाऊंटवाल्याला टाइप करणे, प्रिंट काढणे, इंटरनेट पाहणे, हिशेब लिहिणे हे सगळे जमते. मात्र विंडोजच्या मुळाशी किंवा इतरांच्या फोल्डरमध्ये त्याला हात घालता येत नाही. इथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की हे अधिकार तुमच्यापुरते राहत नाहीत. तुम्ही उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामलाही ते मिळू शकतात. अ‍ॅडमिन अकाऊंटमध्ये बसून पेनड्राइव्हमधून आलेली एखादी खोटी फाइल तुम्ही उघडली आणि परवानगी दिली, तर ती फाइल तुमच्याइतकीच अधिकारी होते.

परवानगी विचारणारी ती चौकट, म्हणजे ‘युजर अकाऊंट कंट्रोल’, विंडोज व्हिस्टापासून आली. स्क्रीन काळवंडते आणि बदल करू द्यायचा का, असे विचारले जाते. अ‍ॅडमिन अकाऊंटमध्ये त्याला फक्त ‘यस’ म्हणायचे असते. रोज दोनचार वेळा ‘यस’ म्हणणारा माणूस पुढे वाचणेच सोडून देतो. स्टँडर्ड अकाऊंटमध्ये हीच चौकट अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. पासवर्ड टाकायचा म्हणजे थांबावे लागते, किंवा ज्याच्याकडे तो आहे त्याला विचारावे लागते. वेगळ्या अकाऊंटचा खरा फायदा हा थांबा आहे.

जुन्या यंत्राला धोका जास्त का?

नव्या कॉम्प्युटरला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात. विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ७ साठी क्रोम ब्राउझरची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक जुनी यंत्रे तिथवर पोहोचतच नाहीत. बाहेरून डागडुजी थांबली की आतली शिस्त हाच आधार उरतो, आणि अकाऊंट वेगळी करणे ही त्यातली बिनखर्चाची शिस्त आहे.

विंडोज १० वापरत असाल तर आणखी एक सोय पाहून घ्या. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना जाहीर केली. तिच्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते आणि नोंदणी करणारे मायक्रोसॉफ्ट अकाऊंट त्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असावे लागते. लहान मुलाचे अकाऊंट चालत नाही. अ‍ॅडमिन कोण, हा प्रश्न इथेही आडवा येतोच. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो का, ते पाहा.

कसे करावे: क्रम चुकवू नका

बहुतेकांना वाटते की साधे अकाऊंट नवे उघडून त्यात सगळे सामान हलवावे लागेल. तसे करू नका. त्यात डेस्कटॉपवरच्या फाइली, ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड, प्रिंटरची मांडणी सगळे विस्कटते. त्यापेक्षा अ‍ॅडमिनचे अकाऊंट नवे उघडा आणि सध्याच्या अकाऊंटचा दर्जा कमी करा. सामान जागच्या जागी राहते, फक्त अधिकार बदलतात.

१. आधी बॅकअप घ्या. नक्षीच्या फाइली, हिशेब, फोटो आणि दाखले बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा. एकदोन फाइली उघडून पाहा आणि मग ती डिस्क काढून ठेवा.

२. कोणकोणती अकाऊंट आहेत ते पाहा. ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये ‘युजर अकाऊंट्स’ आणि तिथे ‘मॅनेज अनदर अकाऊंट’ उघडा. प्रत्येक नावाखाली अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असे लिहिले आहे का ते दिसेल. विकणाऱ्याचे किंवा जुन्या मालकाचे अनोळखी अकाऊंट असेल तर त्याची नोंद करा. ते लगेच काढू नका.

३. नवे अ‍ॅडमिन अकाऊंट उघडा. विंडोज ७ मध्ये त्याच पानावर ‘क्रिएट अ न्यू अकाऊंट’ आहे, तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निवडा. विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अकाऊंट्स’, ‘फॅमिली अँड अदर युजर्स’ असे जाऊन ‘अ‍ॅड समवन एल्स टू धिस पीसी’ दाबा. मायक्रोसॉफ्ट अकाऊंट नको असेल तर साइन-इनची माहिती नसल्याचा पर्याय आणि त्यापुढे मायक्रोसॉफ्ट अकाऊंटशिवाय युजर जोडण्याचा पर्याय निवडा. हे अकाऊंट आधी स्टँडर्ड म्हणून उघडते. मग ‘चेंज अकाऊंट टाइप’ दाबून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा.

४. पासवर्ड द्या आणि तपासा. सध्याच्या अकाऊंटमधून साइन आउट व्हा, नव्या अ‍ॅडमिनमध्ये शिरा, पासवर्ड चालतो ना, ते पाहा. ही पायरी गाळली आणि पासवर्ड लिहिताना चूक झालेली असली, तर पुढे तुम्हीच बाहेर राहाल.

५. आता जुन्या अकाऊंटचा दर्जा उतरवा. नव्या अ‍ॅडमिनमधूनच जुने अकाऊंट निवडा आणि ‘स्टँडर्ड’ करा.

६. इतरांची स्टँडर्ड अकाऊंट उघडा. धंद्याचे एक, मुलांचे एक, हवे असल्यास प्रत्येक मोठ्या माणसाचे एक. अनोळखी अकाऊंटमध्ये कामाचे काही नाही याची खात्री झाल्यावरच ते काढा.

अ‍ॅडमिन कोणाला करावे?

बहुतेक घरांत ज्याला कॉम्प्युटरमधले जास्त कळते तो अ‍ॅडमिन होतो, म्हणजे दहावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी. हा रिवाज चुकीच्या कसोटीवर उभा आहे. अ‍ॅडमिनला तांत्रिक ज्ञान कमी असले तरी चालते, वर दिलेल्या पायऱ्या वाचून करता येतात. पण फाइली गेल्या, बँकेच्या खात्यातून पैसे गेले तर उत्तर कोणाला द्यावे लागते? धंदा ज्याच्या नावावर आहे त्याला किंवा तिला. म्हणून अधिकारही तिथेच असावा. मुलांनी शेजारी बसून हात चालवायला हरकत नाही, पासवर्ड मात्र मोठ्यांनी टाकावा. तो पासवर्ड दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावा आणि कागदावर लिहून बंद पाकिटात घराच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा. एकट्याच्या डोक्यातला पासवर्ड आजारपणात किंवा परगावी असताना घराच्या उपयोगी पडत नाही. घराबाहेरच्या चोराला कॉम्प्युटरवरची फाइल सापडू शकते, कपाटातले पाकीट सापडत नाही. म्हणून कागदावर पासवर्ड लिहू नये हा कार्यालयातला नियम घरात जसाच्या तसा लागू करू नका.

अ‍ॅडमिनला इतरांच्या फाइली पाहता येतात, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवा. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला किंवा सुनेला तिची खासगी कागदपत्रे सुरक्षित आहेत असे वाटत राहणे आणि प्रत्यक्षात ती उघडी असणे, हे योग्य नाही. तिला पूर्ण खासगीपण हवे असेल तर त्या फाइली स्वतःच्या पेनड्राइव्हवर किंवा फोनमध्ये ठेवण्याचा पर्याय तिच्यापुढे असावा.

नेहमी घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप विश्वासाचा: घरात एकमेकांवर भरवसा आहे, मग वेगळी अकाऊंट कशाला? भरवसा माणसांवर आहे, प्रोग्रामवर नाही. मुलाने गेम म्हणून उतरवलेली फाइल त्याच्या हेतूपेक्षा वेगळेच काम करू शकते. वेगळ्या अकाऊंटमुळे मुलाची चूक मुलाच्या फोल्डरपुरती राहण्याची शक्यता वाढते. यात मुलावर अविश्वास नाही, उलट त्याला चुका करून शिकायची मोकळीक आहे.

दुसरा आक्षेप वेगाचा. दोन किंवा चार जीबी रॅमचे यंत्र आधीच रडतखडत चालते, त्यात चार अकाऊंट म्हणजे ते बसेल, असे म्हणतात. नुसती अकाऊंट असल्याने रॅम जात नाही, ती उघडी राहिल्याने जाते. काम संपल्यावर ‘स्विच युजर’ न करता ‘साइन आउट’ करा, विंडोज ७ मध्ये ‘लॉग ऑफ’. थोडी डिस्कची जागा लागते, ती एखाद्या सिनेमाची फाइल काढली तरी मिळते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: हिशेबाची किंवा मराठी टायपिंगची काही जुनी सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनशिवाय चालत नाहीत. त्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की ती आपली माहिती स्वतःच्याच प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये लिहायला जातात आणि स्टँडर्ड अकाऊंटला तिथे लिहिण्याची मुभा नसते. म्हणून सगळ्या यंत्राचा ताबा देण्याची गरज नाही. अ‍ॅडमिनमध्ये जाऊन त्या एकाच फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘सिक्युरिटी’त ‘एडिट’ दाबा आणि त्या वापरणाऱ्याला ‘मॉडिफाय’ची परवानगी द्या. प्रिंटरचे किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलचे ड्रायव्हर अ‍ॅडमिनमधून एकदा टाकले की रोजच्या वापराला सहसा साधे अकाऊंट पुरते.

चौथा आक्षेप असा की अपडेट थांबतील. थांबत नाहीत. विंडोजचे आणि अँटिव्हायरसचे अपडेट पार्श्वभूमीवर चालतात, त्यासाठी कोणी अ‍ॅडमिन म्हणून बसलेले असावे लागत नाही.

पाचवा आक्षेप: एवढे करूनही व्हायरस येतोच. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ विंडोजमधल्या एका भोकातून नेटवर्कवरून शिरत होता. त्या भोकावरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती, पण अनेकांनी ती घातलेली नव्हती. अशा हल्ल्याला अकाऊंटचा प्रकार अडवत नाही. शिवाय फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा प्रोग्राम स्टँडर्ड अकाऊंटमधूनही त्या अकाऊंटच्या स्वतःच्या फाइली नासवू शकतो. यावरून वेगळी अकाऊंट निरुपयोगी ठरत नाहीत. ती नुकसानाची हद्द आखतात, आणि हद्दीच्या आतले नुकसान भरून काढायला काढून ठेवलेला बॅकअप लागतो. दोन्ही हवेत.

इथे फसगत होते

- अ‍ॅडमिनला पासवर्डच नसणे. मग परवानगीच्या चौकटीत रिकामी जागा सोडून कोणीही पुढे जाऊ शकतो. सगळी मांडणी वाया जाते.
- डी ड्राइव्हचा भ्रम. दुरुस्तीवाला सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो म्हणून आपण महत्त्वाचे सगळे डी ड्राइव्हवर ठेवतो. पण डी ड्राइव्हवर सहसा सगळ्याच अकाऊंटना लिहिण्या-पुसण्याची मुभा असते. मुलाच्या अकाऊंटमधून धंद्याचा फोल्डर तिथे सहज पुसला जाऊ शकतो. त्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’त जाऊन परवानग्या कमी करा, किंवा तो आपल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा आणि बॅकअप बाहेर घ्या.
- सुरक्षा प्रश्नांची खरी उत्तरे. विंडोज १० स्थानिक अकाऊंटसाठी तीन प्रश्न विचारते. लहान गावात तुमची शाळा, जन्मगाव, आजोळ सर्वांना माहीत असते. उत्तरे मनाने बनवा आणि पाकिटात लिहून ठेवा.
- अकाऊंट घाईने काढणे. विंडोज १० च्या ‘सेटिंग्ज’मधून अकाऊंट काढले की त्यातली माहितीही जाते. विंडोज ७ मध्ये ‘कीप फाइल्स’चा पर्याय मिळतो, पण त्यात ई-मेल येत नाहीत.
- परस्पर पासवर्ड बदलणे. अ‍ॅडमिन दुसऱ्याचा पासवर्ड बदलून देऊ शकतो, पण त्या अकाऊंटमध्ये जतन केलेले वेबसाइटचे पासवर्ड आणि विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या फाइली त्यामुळे हातच्या जाऊ शकतात. विंडोज ७ मध्ये चालू पासवर्ड आठवत असतानाच पेनड्राइव्हवर ‘पासवर्ड रीसेट डिस्क’ करून ठेवणे चांगले.
- पासवर्ड म्हणजे तिजोरी नव्हे. कॉम्प्युटर हातात आलेला माणूस पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून किंवा हार्ड डिस्क काढून एन्क्रिप्ट नसलेल्या फाइली वाचू शकतो.
- फोनवरचा ‘मदतनीस’. स्क्रीनवर घाबरवणारा संदेश आणि खाली फोन नंबर आला, तर फोन करू नका. एनीडेस्कसारखा प्रोग्राम स्टँडर्ड अकाऊंटमध्येही चालू शकतो आणि समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते.

दुरुस्ती, विक्री आणि तुमचे हक्क

दुरुस्तीवाल्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्यावाच लागतो असे नाही. पॉवर सप्लाय, रॅम किंवा कीबोर्डच्या कामाला तो लागत नाही. सॉफ्टवेअरच्या कामाला लागलाच तर समोर बसून स्वतः टाका, किंवा तात्पुरते अ‍ॅडमिन अकाऊंट उघडून द्या आणि यंत्र परत आल्यावर ते काढून टाका. फॉरमॅट करण्यापूर्वी विचारावे आणि माहिती राखावी, हे पावतीवर लिहून घ्या. पावती मागणे हा तुमचा हक्क आहे. सेवेत कसूर झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

परवानगीशिवाय तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणे, माहिती उतरवून घेणे किंवा व्हायरस सोडणे याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली भरपाई मागता येते. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा कलम ६६सी खालचा वेगळा गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तक्रार तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

जुना कॉम्प्युटर विकत घेतला असेल तर आधीच्या मालकाच्या अकाऊंटवर काम सुरू करू नका. विंडोज १० मध्ये ‘रीसेट धिस पीसी’मधून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून कोरी सुरुवात करा. स्वतःचा विकताना किंवा भंगारात देतानाही तेच करा आणि ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय घ्या. हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवली तर त्याहून उत्तम.

मग ठरवावे काय?

विंडोज १० असेल तर वाढीव दुरुस्त्यांची नोंदणी पाहा, अकाऊंट वेगळी करा आणि बॅकअपची सवय लावा. विंडोज ७ असेल तर अकाऊंट वेगळी कराच, पण बँकेची कामे त्या यंत्रावर करू नका. एक्सपी असेल तर एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरपुरता वापरा आणि इंटरनेटची तार काढून टाका. यंत्र ठीक असून विंडोजच जुने झाले असेल तर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचे बॉस हे मोफत पर्याय आहेत. तिथेही रोजचे काम साध्या अधिकाराने आणि मोठा बदल पासवर्ड टाकूनच, असाच रिवाज आहे. फक्त तुमचे नक्षीचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी तपासा.

या सगळ्याला पैसे लागत नाहीत, सुट्टीच्या दिवशीचा थोडा वेळ लागतो. गेलेला पासवर्ड पुन्हा करता येतो, प्रोग्राम पुन्हा टाकता येतो. महिनोन्‌महिने बसून काढलेली पदराची नक्षी पुसली गेली तर ती कोणताही दुरुस्तीवाला परत देणार नाही. म्हणून आज आधी बॅकअप घ्या आणि मग अ‍ॅडमिनचे अकाऊंट वेगळे करा.